चौथा रकाना

प्रिय राजू,

पत्र बघून दचकू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर मी दोन वाक्यांत भांडणावर येतो, म्हणून कागद घेतला.

तुंगार्लीच्या आपल्या तीन खोल्या उन्हाळाभर जवळजवळ रिकाम्याच होत्या. तू करून दिलेली वेबसाइट रोज पन्नास-साठ माणसं बघायची, पण बुकिंग एखाददुसरंच. मी आपलं तुझ्यावर खापर फोडत होतो. शेवटी लोणावळ्याच्या चैतालीला बोलावलं. ती असल्या वेबसाइट सुधारून देते. तिनं तलावाचा फोटो वर आणला, भाडं ठळक केलं आणि मग म्हणाली, आबा, लोक फॉर्म भरायला घेतात आणि चौथ्या रकान्यावरून माघारी जातात, तुम्हीच एकदा भरून बघा.

बसलो चष्मा लावून. नाव भिमाजी. फोन. तारीख. चौथा रकाना, 'सोबत कोण?' तो माझाच हट्ट, आठवतं? एकट्या माणसाला, त्यातून एकट्या बाईला खोली द्यायची नाही, नसती भानगड नको. तू नको म्हणत होतीस, तुझी आईसुद्धा. मी दोघींना गप्प केलं होतं.

आता तिथं काय लिहू? बोटानं आपोआप तुझ्या आईचं नाव, 'लीला' लिहिलं. खोडलं. रकाना रिकामा ठेवून पुढे जायला गेलो, तर लाल अक्षरं आली, 'हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.' राजू, मी चैतालीसमोर रडलो. ती बिचारी चहा टाकायला आत गेली.

रकाना त्याच दिवशी काढला. पंधरा दिवसांत सात बुकिंग आली. त्यात नाशिकच्या एक शिक्षिका, एकट्याच. दोन दिवस आईच्या झोपाळ्यावर वाचत बसल्या. जाताना माझं पिठलं छान झालं म्हणाल्या, ते करपलं होतं तरी. त्यांना मी काही विचारलं नाही. पण त्या गेल्यावर मला तूच दिसायला लागलीस. आई गेल्यावर तिच्या जलदान विधीला हातात एक पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी होतीस. नवऱ्यापासून वेगळी झालीस हे मला ठाऊक होतं, तरी सगळ्या पाहुण्यांसमोर मी विचारलं, एकटीच आलीस? तू पाणीही न पिता परत गेलीस. त्याला चौदा महिने झाले.

माझं चुकलं, पोरी. काल मी पुन्हा फॉर्म भरायला बसलो. खोली मागची, आईची. नाव राजेश्वरी. फोन तुझा. आता फक्त तारीख राहिली आहे, ती तेवढी तू टाक.

तुझाच,
आबा