उजवीकडचं काळीज

आई, गेल्या महिन्यात माझ्या छातीचा फोटो काढला. मला काही झालेलं नाही. मी कारकून आहे त्या दवाखान्यात क्ष-किरणांचं यंत्र आलं आणि मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं, की क्षयाच्या रोग्यांत वावरणाऱ्या नोकरांच्या छात्या आधी तपासायच्या. माझी फिल्म त्यांनी उजेडाला धरली, फिरवून पाहिली आणि मदतनिसाला म्हणाले, "पालथी दिलीस." मग माझ्या उजव्या खांद्याला किल्ली चिकटवून पुन्हा फोटो काढला. किल्ली आणि काळीज एकाच बाजूला आली. "घाबरू नका," डॉक्टर म्हणाले, "आरशात दिसावं तसं तुमचं आतलं सगळं उलट आहे. जन्मापासूनच. हा आजार नाही, म्हणून औषधही नाही." मी विचारलं, "मग मी जगेन किती?" "इतरांइतकंच."

सायकल हातात धरून घरी येताना मला ते वैद्यबुवा आठवले. मी सहा-सात वर्षांचा, तापानं फणफणलोय. बुवा माझ्या डाव्या बरगडीला कान लावून म्हणतात, "बाई, ह्याचं काळीज लागंना की." तू मला ओढून घेतेस. "ऱ्हाऊ द्या. औषद नको आमाला." रस्त्यात येऊन तू मला दटावतेस, "पुन्यांदा कुणाम्होरं अंगरखा काढलास तर बघ. पवायला न्हाय, तालमीत न्हाय." मी विचारलं का, तर पाठीत धपाटा. तुझा तो एकच मार मला आठवतो. मला वाटलं, माझ्या बरगड्या दिसतात याची तुला लाज वाटते. तेव्हापासून सोलापूरच्या उन्हाळ्यातही मी सदरा घालून झोपतो. बायकोनं विचारणंही सोडून दिलं. पण गिरणीतून दमून आल्यावर तू मला कुशीत घ्यायचीस, तेव्हा तुझा हात माझ्या छातीवर उजवीकडेच असायचा. तुला ठाऊक होतं. लोकांनी मला बघायला यावं, काहीबाही बोलावं, हे तुला नको होतं. मला समजेल असं वय यायच्या आधीच तू प्लेगात गेलीस.

आता लोक बघायला येतात, आई. पुण्याहून कुणी डॉक्टर आले की शिपाई माझ्या टेबलाशी येऊन उभा राहतो, "साहेबांनी बोलावलंय." यंत्राच्या अंधाऱ्या खोलीत मी उघडा उभा राहतो आणि ते पाळीपाळीनं नळी लावतात. एकदा मोठ्या डॉक्टरांना म्हणालो, "आज नको, साहेब." ते हसले. "अहो, तुमच्यासारखा माणूस शोधून सापडत नाही." नोकरी त्यांच्या सहीवर आहे. पाठीवर तुझा धपाटा बसतो, आणि हात मात्र गुंड्या काढत असतात.

हे पाठवायचं तरी कुठं? काय लिहिताय म्हणून बायकोनं विचारलं, तर दवाखान्याचं काम म्हणालो. तिला अजून काहीच सांगितलेलं नाही. काल दुपारी धाकटी मुलगी झोपली होती, तिच्या छातीला कान लावला. ठोके डावीकडेच होते. बरं वाटलं. तरीही मी बराच वेळ उजवीकडे कान लावून पडून राहिलो.