शिवलीलासाठी मोगऱ्याचा चहा

६ एप्रिल २००३, रविवार
शिवलीला हातकणंगल्याला माहेरी जाऊन महिना झाला. विश्रांतीसाठी. तिसऱ्या महिन्यात मूल पोटातच गेलं. ती दवाखान्यात होती तेव्हा मी इचलकरंजीत व्याख्यानाला होतो. विषय : संसारातली समता. तारीख आधीच दिलेली, असं तिला फोनवर सांगितलं. तिला ते पटलं असावं.

तिला मोगरा आवडतो. चीनमध्ये फुलांच्या वासाचा हिरवा चहा करतात, असं एका पुस्तकात वाचलं. संकल्प : तो स्वतः करून तिला पाजायचा. पुढच्या महिन्यातल्या बसवजयंतीपर्यंत ती घरी. शिवाय दूध-साखरेच्या गुलामगिरीवर नवं व्याख्यान तयार होईल.

१० एप्रिल
माझा मित्र श्रीशैल याने मुंबईहून हिरवी पत्ती आणली. काल राजारामपुरीच्या बाजारातून गजरे आणले, मोकळे करून पत्तीत मिसळले. सकाळी वास गवताचा. दोष माझा नाही. पुस्तकात पाहिलं : उमललेल्या फुलाने वास आधीच देऊन टाकलेला असतो. कळी दुपारी खुडायची. ती रात्री पत्तीतच उमलली पाहिजे.

१४ एप्रिल
काल दुपारी शिवलीलाच्या कुंडीतल्या कळ्या खुडल्या. पत्तीचा थर, कळ्यांचा थर, वर फडकं. सकाळी फुलं चाळून काढली, पत्ती मंद आचेवर सुकवली. घर घमघमलं. घट्ट झाकणाचा डबा हवा होता. कांदा-लसूण मसाल्याचा रिकामा डबा धुऊन घेतला. विजय निश्चित.

१६ एप्रिल
श्रीशैलला कप दिला. म्हणाला, मल्लेशा, कट झकास जमलाय की, फरसाण कुठं हाय? ही पत्ती शेजारचा कुठलाही वास ओढून घेते. पुस्तकात हे पुढच्या पानावर होतं. लेखकाची चूक.

मग त्याने विचारलं, वहिनींना फोन केलास का? मी त्याला चहाचा इतिहास सांगायला घेतला. अफूच्या युद्धापर्यंत आलो आणि तो उठून गेला. लोकांना ऐकायची सवय राहिली नाही.

२६ एप्रिल
आठवडाभर रोज ताज्या कळ्या, रोज चाळणं, रोज सुकवणं. या वेळी काचेची बरणी. श्रीशैलने घोट घेतला आणि चेष्टा केली नाही. उद्या हातकणंगले. काय बोलायचं, मुद्दे काढून ठेवलेत.

२७ एप्रिल, रविवार
सासूबाई नीलम्मा दारातच म्हणाल्या, या जावईबापू, आज तेवढं कमी बोला. शिवलीला फार वाळली आहे. चहा मीच केला. कप दोन्ही हातांत धरून ती म्हणाली, घटकाभर काही न बोलता बसाल का?

म्हटलं, अवश्य. पण कृती कळल्याशिवाय चव कशी कळणार? थोडक्यात सांगितली. कळी, रात्र, चाळणी. मुख्य मुद्दा असा की, पत्ती काहीच करत नाही. नुसती रात्रभर फुलाजवळ पडून राहते.

ती म्हणाली, दवाखान्यातून फोनवर मी तुमच्याकडे तेवढंच मागितलं होतं.

मी मुद्द्यांचा कागद उघडला. कप तसाच ठेवून ती आत गेली. निघताना सासूबाई म्हणाल्या, तिच्या साड्या पाठवून द्या.

२९ एप्रिल
कपाट उघडलं. नेहमीच्या कोणत्या, ठेवणीतल्या कोणत्या, कळेना. सगळ्याच बॅगेत भरल्या. प्रत्येक साडी आणली तेव्हा ती माझ्यासमोर उलगडून काहीतरी सांगायची.

एकीचंही आठवत नाही.