कोरी खिडकी

मंगळवार, वडवणी

आजची टायपिंगची ऑनलाइन परीक्षा हातची गेली. लॅपटॉपवर लिनक्स ही नवी सिस्टीम टाकून देताना संदीप, माझा धाकटा भाऊ, म्हणला होता, "ताई, स्क्रीनवर माऊस न्हेशील ती खिडकी आपोआप चालू होती, टाइप केलेलं तिथंच उमटतं. क्लिक नको, काम लई झपाट्यानं होतं." सुरवातीलाच कोपर लागलं आन् माऊस स्क्रीनवर शेजारीच उघड्या राहिलेल्या सरावाच्या पानावर सरकला. माझी नजर छापील उताऱ्यावर, तसंच शिकवलंय ना. वेळ संपल्यावर वर बघितलं. सगळा उतारा सरावाच्या पानात, एकही चूक न्हाई. परीक्षेची खिडकी कोरी. ते कोपर काहून लागलं?

संदीप म्हणतो, "सेटिंग बदलून देतो." आता काय उपयोग? बाहेर आई शेजारणीला सांगतीय, "पोरगी पास होणार बगा." मी आतून कडी लावून घेतली.