काकांचा नारळ

अर्विंग, टेक्सस
१४ जुलै १९८५

प्रिय सुलभाताई,

नमस्कार. आम्ही मजेत, तू गुडघ्याला तेल लावतेस ना? झाली चौकशी. आता ऐक, माझ्या पोटात मावत नाहीये. मला विमानं मिळाली, ताई! एक नाही, दोन!

विकत नव्हे गं. इथे सरखोतकाका म्हणून आहेत, सत्तरीचे, मूळ श्रीवर्धनचे. मालवाहू विमानांची कंपनी काढतायत. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे, घ्यायच्या विमानांच्या तपासणीला जायचो. गेल्या शनिवारी पहिलं विमान आलं, तर म्हातारबुवा सुटाबुटात आणि हातात नारळ. त्यांच्या वडिलांचं गलबत होतं, नारळ वाढवल्याशिवाय ते पाण्यात लोटत नसत म्हणे. काकांनी पुढच्या चाकाशी नारळ उगारला आणि मालकबिलक सगळं विसरून मी ओरडलो, "थांबा! करवंटीचा तुकडा इंजिनानं ओढला तर विमान भंगारात जाईल!"

अमेरिकन पायलट आ वासून बघत राहिले. मला वाटलं, सुटलं आपलं काम. काकांनी गुपचूप नारळ माझ्या हातात दिला, ऑफिसात नेलं आणि सगळ्या देखभालीचा प्रमुख हो म्हणाले. इतकी वर्षं मोठ्या कंपनीत विमानाच्या एका दाराच्या बिजागरीची ड्रॉइंग्ज काढतोय मी. इथे अख्खं विमान उडेल की नाही ते मी ठरवणार.

आणि माणूस काय आहे, यार. तरुणपणी गोदीत मुकादम, मग कापडाची गिरणी, मग दुसरी, मग सिमेंट. पुढे एका विमान कंपनीचे मोठे साहेब झाले, तरी तिकिटाच्या रांगेत स्वतः उभे राहायचे, लोक काय शिव्या घालतात ते ऐकायला. मग सरकारनं गिरण्या ताब्यात घेतल्या. दुसरा कोणी खचला असता. हे इथे आले, मोटेल चालवलं, आणि या वयात पुन्हा विमानं. तुझ्या भावजयीनं, उत्तरानं, केलेली सांदणं चाटूनपुसून खाल्ली आणि तिला म्हणाले, आईनंतर आजच.

गोदी कुठली, गिरण्या कुठल्या, असं तू मघाशीच मनात विचारलं असशील. गावाचं नाव मी मुद्दाम चुकवत आलोय. कराची, ताई. फाळणीनंतर ते तिकडे गेले. एकाहत्तरच्या डिसेंबरात ते तिकडच्याच विमान कंपनीत होते. आपले भाऊजी विमान घेऊन गेले आणि परत आले नाहीत, तो डिसेंबर.

हे मी काकांना सांगितलं. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग विचारलं, "बहिणीला कळवलंस?" मी नाही म्हटलं. तर म्हणाले, "मग सही करू नकोस. तिच्या पाठीमागे माझ्याकडे यायचं नाही. आणि ती नको म्हणाली तर तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही."

पहिलं उड्डाण नारळी पौर्णिमेला ठरलंय. नारळ वाढवायचा तो पार्किंगमध्ये, विमानापासून लांब, ही माझी अट त्यांनी मान्य केलीय.

मला हे काम हवंय, ताई. फार हवंय. लोहगावला भाऊजींनी मला खांद्यावर घेऊन विमान दाखवलं होतं ना, तेव्हापासून हवंय. म्हणूनच तुला विचारल्याशिवाय मला ते घेता येत नाही. मला राग येईल, वाईट वाटेल, याचा विचार करू नकोस. हे पत्र भाऊजींच्या फोटोसमोर बसून वाच आणि खरं काय वाटतं ते लिही.

राखी मात्र दरवर्षीसारखी पाठव, उत्तर काहीही असो. नको म्हणालीस तर मी मुकाट्यानं बिजागऱ्यांकडे जाईन, आणि टेबलावरच्या त्या नारळाची उत्तरा चटणी करेल.

अजून कुठेही सही न केलेला,
तुझा
प्रसन्न