दळण नाकारल्याबाबत

शिवमंदिर रोड, अंबरनाथ
महाशिवरात्रीनंतरचा गुरुवार

तीर्थरूप मधूदादा यांस,
हेमचंद्राचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा आता कसा आहे? सोनिवलीच्या नव्या घरी लिफ्ट सुरू झाली, की अजून जिनाच? वहिनींनाही नमस्कार. इकडे मालिनी खुशाल आहे. मी नाही. (फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर बोलताना मालिनी शेजारी बसून ऐकते आणि नको तिथे हसते.) आपण वकील आहात, शिवाय तिचे थोरले बंधू, म्हणून आपल्यालाच विचारतो: एखादा दुकानदार चांगल्या गिऱ्हाइकाला ‘तुमचं काम करणार नाही’ असं कायद्याने म्हणू शकतो का?

म्हणणारा आपल्या ओळखीचा भगवंत, पिठाच्या गिरणीवाला. चांगलं गिऱ्हाईक मी. फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून रोज सकाळी मी त्याच्या गिरणीतल्या बाकावर बसतो. (दळण रोज नसतं, पण जन्म क्वालिटी कंट्रोलमध्ये गेलेल्या माणसाने सकाळी जायचं कुठे?) पीठ चिमटीत घेऊन बघायचं, जाडं आलं तर सांगायचं, एवढाच माझा त्रास. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी ‘जरा बघा’ म्हणून भगवंत चहाला गेला. मी बघितलं. सगळ्यांत शेवटी आलेल्या तुळशीबाईंचा डबा सगळ्यांत पुढे, आणि पहिल्यांदा आलेला जितेशचा बाजरीचा डबा पार भिंतीला. उघड वशिला. मी डबे आल्या क्रमाने लावले, बटण दाबलं, आणि तो येईपर्यंत दोन्ही दळणं उरकूनही टाकली. तुळशीबाईंच्या डब्यात उपवासाची भाजणी होती. ती बाजरीच्या पाठोपाठ दळली गेली, आणि थालीपीठ खाऊन झाल्यावर बाईंच्या लक्षात आलं, की ऐन शिवरात्रीला आपला उपवास मोडला. आधी उपवासाचं, मग गहू, शेवटी बाजरी, हा गिरणीचा क्रम मला कुणी लेखी दिलेला नव्हता. भगवंतने सगळ्या बायकांसमोर हात जोडले आणि म्हणाला, “साहेब, आजपासना तुमचा दलन मी घेनार नाय. बाकावर पन बसू नका.”

मी राज्यघटना काढून वाचली. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्यावरून कुणाला दुकानात येण्यापासून अडवता येत नाही, असं तिथे स्पष्ट आहे. पाचही कारणं मला लावून पाहिली. जन्मस्थानावर जरा आशा होती (मी कराडचा, तो इथला), पण त्याचं म्हणणं, कराडची त्याची बरीच गिऱ्हाइकं आहेत आणि ती गप्प बसतात. स्वभावावरून अडवता येतं की नाही, याबद्दल घटनेत अक्षर नाही. एवढ्या विद्वान मंडळींच्या हातून हे सुटलं कसं?

मग उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या मोठ्या गिरणीत गेलो. तिथे नकार अजिबात नाही. शेठ म्हणाला, “अंकल, रुकने का टेन्शन ही नहीं, आटा घर पे आ जाएगा.” बसायला तिथे स्टूलसुद्धा नव्हतं. परत आलो. आता सकाळी गॅलरीत फेऱ्या मारतो, मोगऱ्याला दोनदा पाणी घालतो (तो पिवळा पडायला लागलाय). गॅलरीत गिरणीचा आवाज येतो. दगड गुळगुळीत झालाय, त्याला छिन्नीने टाकी लावायची वेळ झाली आहे, हे आवाजावरूनच कळतं, पण सांगायचं कुणाला?

तरी भगवंतला कडक नोटीस पाठवावी. घरात पिठाचा कण नाही, हेही त्यात घालावं.

आपला नम्र,
हेमचंद्र

ता.क. मालिनीने पत्र वाचलं. घरात पीठ आहे म्हणते. तिचं दळण भगवंत घेतो, आणि हल्ली बारीक दळतो. पिठाचं वाक्य गाळावं.

ता.क. २. स्वभावावरून घरच्या स्वयंपाकघरातूनही अडवता येतं का, असं मालिनी विचारते आहे. उत्तर सावकाश दिलंत तरी चालेल.

ता.क. ३. नोटीस राहू द्या. भगवंतची खरवईच्या जमिनीची केस आपणच लढवलीत, आपला शब्द तो मोडायचा नाही. गुडघा बरा असला तर रविवारी या आणि त्याला सांगा, साहेब डब्यांना हात लावणार नाहीत, पीठही चिमटीत घेणार नाहीत. दळण नको घेऊस, पण बाकावर बसू दे, एवढंच म्हणा. (दगडाला टाकी लावायचं तेवढं जाता जाता सुचवा. मी बोललो म्हणू नका.)