घड्याळकाका औषध घेत नाहीत

३ फेब्रुवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू प्रवचन सुरू करतोस आणि मी फोन आपटते. कागदावर निदान माझं म्हणणं पुरं तरी होईल. वहिनीच्या गुडघ्याचं काय? तिला म्हणावं, तुझ्या प्रार्थनाघराची वरची खोली चार दिवस नाही झाडली तर देव काही रुसून बसणार नाही.

इथे माझी झोप उडाली आहे. नऊ नंबरच्या खाटेवर एक घड्याळ दुरुस्त करणारे आहेत, आम्ही त्यांना घड्याळकाकाच म्हणतो. पोटाचा कॅन्सर, बराच पसरलेला. आमच्या केंद्रात येतात ते सगळे असेच, बरे होऊन जाण्याची आशा संपल्यावर. शेजारच्या दुकानातला शिंपी त्यांना रिक्षाने घेऊन आला. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही, एवढंच त्यालाही माहीत. पहिले आठ दिवस काका छान बोलायचे. वॉर्डातल्या नर्सांच्या मनगटावरची घड्याळं बघून नाकं मुरडायचे. मग झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डावा हात थोडा हलतो, तोही थरथरतो, लिहिता येत नाही. ऐकू येतं आणि कळतं मात्र सगळं.

त्या दिवसापासून त्यांनी वेदनेचं औषध घेणं बंद केलं आहे. चमचा ओठांना लावला की दात घट्ट. कूस बदलताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघतो, तो ऐकून आमची सगळ्यात निबर आयासुद्धा बाहेर जाऊन उभी राहते. माणूस शुद्धीवर असेतो त्याच्या इच्छेविरुद्ध काही द्यायचं नाही, हा नियम मीच केलेला. आता तोच माझ्या गळ्याशी आला आहे.

रविवारी भजन-प्रार्थना म्हणणाऱ्या एक बाई आल्या होत्या. मी अशा लोकांना दारातूनच परत पाठवते, पण त्या दिवशी मी औषधांच्या खोलीत होते. त्यांनी नऊ नंबरपाशी उभं राहून सुरू केलं, तर काका भिंतीकडे तोंड करून रडायला लागले. आता ते प्रार्थना चुकीची होती म्हणून रडले, की बरोबर होती म्हणून, हे कसं कळावं? त्यांचा धर्म कोणता, हेच आम्हाला माहीत नाही. भरतीच्या फॉर्मवरचा धर्माचा रकाना मी इथे आले त्याच वर्षी काढून टाकला होता. चहात साखर किती, हेही आम्ही विचारतो. ते तेवढं विचारत नाही.

हस हवं तर. पण उत्तर लिही, आणि रागावलास तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मुंगी


७ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

हसलो नाही. थोडा हसलो, पण वहिनीने डोळे वटारले म्हणून थांबलो. तिचा गुडघा तसाच आहे आणि तिची जीभही तशीच आहे, दोन्ही डॉक्टरांच्या हाताबाहेर.

बाळ, तू रकाना काढलास म्हणून माणसाच्या आतलं काही निघून जात नाही. तुम्ही समाजसेवावाले माणसाला आंघोळ घालता, भरवता, त्याची जखम पुसता, हे आमच्याच्याने होत नाही आणि मी ते उपदेशातही सांगतो. पण मरायला टेकलेल्या माणसाला नुसती स्वच्छ चादर पुरत नाही. तो कुठे चालला आहे, हे त्याला कोणाला तरी विचारायचं असतं. त्या वेळी जवळ बसणारी नर्स जर देवाचं नाव काढल्यावर कपाळाला आठ्या घालणारी असेल, तर त्याने विचारायचं कोणाला?

एक उपाय कर. प्रत्येक धर्माचं एकेक चिन्ह वेगवेगळ्या कार्डांवर काढ आणि एकेक दाखव. आपलं असेल त्यावर त्यांनी तुझा हात दाबावा. मग त्या धर्माचा माणूस शोधू. नाहीतर मीच येतो पुढच्या रविवारी. साध्या शर्टात येईन, कोणाला कळणारही नाही मी कोण ते. तुझ्या केंद्राची पायरी मी अजून पाहिलेली नाही, हे बरं दिसतं का?

औषध घेत नाहीत हे मात्र वाईट. त्यावर विचार करतो आहे.

इथे सर्व कुशल. तुझ्यावरचा आमचा जीव आहे तिथेच आहे.

तुझा,
दादा


१४ फेब्रुवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी कार्डं केली. आयाच्या मुलीचे रंग आणून आठवड्याची अर्धी सुट्टी त्यात घालवली. काकांनी पहिल्या कार्डाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं, तिसरं मी धरलं तेव्हा डाव्या हाताने सगळी खाटेखाली लोटून दिली. मग डोळे मिटून घेतले आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. कार्डं गोळा करताना मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. दुखण्याने तळमळणाऱ्या माणसाला मी चित्रं ओळखायला लावत होते.

शिंप्याला परत विचारलं. तो म्हणतो, सहा वर्षं भिंतीला भिंत लावून बसलो, पण काका कुठल्या प्रार्थनेला गेलेले कधी दिसले नाहीत. दुकानही कुठल्याच सणाला बंद नसायचं.

डॉक्टर काल चिडले. त्यांचं म्हणणं, इतक्या वेदनेत माणसाचा निर्णय हा निर्णयच नसतो, येत्या शुक्रवारी सकाळी आपण सुई लावून झोपेचं औषध सुरू करू. ते सुरू झालं की काका परत जागे होणार नाहीत. त्यांचं बरोबर असेल. पण मग हा माणूस इतके दिवस दात आवळून काय सांगत होता, ते कोणालाच कळणार नाही. आणि नाही सुरू केलं, तर मी माझ्या तत्त्वापायी एका माणसाला तडफडत ठेवलं असं होईल. सहा दिवस उरले आहेत.

तू येऊ नकोस. साधा शर्ट घातलास तरी तुझा आवाज लपणार नाही. मरणाऱ्याच्या उशाशी बसून तू गायला लागलास की मला काय आठवतं, हे तुला माहीत आहे. आईची गाठ वर्षभर बाबा प्रार्थनेने बरी करत होते, आणि आई कळवळली की सांगायचे, सहन कर, ही परीक्षा आहे. ते म्हातारे होते, हट्टी होते. तू बावीस वर्षांचा होतास, शिकलेला होतास. मी नर्सिंगच्या वसतिगृहात होते आणि दर पंधरा दिवसांनी तुझं पत्र यायचं, आईला आराम पडतो आहे, तू परीक्षा सोडून येऊ नकोस. आले तेव्हा अंगणात माणसं बसली होती. मी रकाना का काढला, असं तू विचारतोस!

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं, आता खोडत नाही. वहिनीला नमस्कार, आणि माझ्याबद्दल काही चांगलं आठवत असेल तर ते राहू दे.

मुंगी


१८ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

टपालाला वेळ लागेल म्हणून सकाळच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती हे देतो आहे. उद्या तुला मिळेल. शुक्रवारच्या आत मिळायलाच हवं.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं नाही. ते माझं आहे. तू लिहिलंस त्यातलं एक अक्षर खोटं नाही, फक्त ते अपुरं आहे, आणि उरलेलं तुला सांगायची छाती मला एकोणीस वर्षांत झाली नाही. शेवटच्या महिन्यात आई रोज तुझं नाव घ्यायची. मुंगीला बोलव, असं मला म्हणायची. बाबा म्हणायचे, ती आली म्हणजे आपण आशा सोडली असा अर्थ होतो. मी ते मानलं. आई समोर तुला बोलव म्हणत असायची, आणि मी त्याच खोलीत, तिच्याच पायांशी बसून तुला लिहायचो की आराम पडतो आहे. ती जास्तच म्हणायला लागली की आम्ही मोठ्याने प्रार्थना सुरू करायचो. शेवटच्या दिवशी तिने हात वर केला. बाबांना वाटलं, ती प्रार्थनेत सामील झाली. ती आम्हाला थांबा म्हणत होती. मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी गात राहिलो.

याची माफी कशी मागायची ते मला माहीत नाही, म्हणून मागत नाही. पण त्यातून मी एक गोष्ट शिकलो, ती तुझ्या काकांच्या कामाची आहे. त्यानंतर मी किती जणांच्या उशाशी बसलो, त्याची गणती नाही. गेल्यागेल्या गात नाही आता. गप्प बसतो. आणि औषध नाकारणारे मी तीन-चार तरी पाहिले. त्यांना ना मरायची घाई होती, ना देव हवा होता. आपण जे केलं त्याची ही शिक्षा आहे आणि ती आपण पुरी भोगायची, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं होतं. तुमचं औषध म्हणजे त्यांना शिक्षेतून पळून जाणं वाटतं.

तेव्हा धर्म कोणता ते विचारू नकोस. माझं चुकलं, कार्डांचं खूळ माझंच. त्यांना एवढंच विचार, की हे दुखणं आपल्याला मिळायलाच हवं असं वाटतं का. पण आधी मनाची तयारी कर. ते हो म्हणाले, तर पुढे काय बोलायचं ते तुझ्या नर्सिंगमध्ये शिकवलेलं नाही. पाठ केलेलं बोललीस तर त्यांना लगेच कळेल. मी येत नाही, तू नको म्हणालीस. तूच विचार.

बाकी काय लिहू? लोभ ठेव असं म्हणायचा हक्क आज मला नाही.

दादा


२२ फेब्रुवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी सकाळी मिळालं. वाचलं, आणि औषधांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तू तेव्हा समोर असतास तर मी तुझ्या थोबाडीत मारली असती. ती मला बोलवत होती, आणि मी तिकडे हाडांची नावं पाठ करत बसले होते. तुला सांगते, तुझी सगळी जुनी पत्रं माझ्याकडे आहेत. ती जाळून टाकायची असं मी ठरवलं होतं.

पण शुक्रवार उजाडणार होता. दुपारी काकांचं अंग पुसायची माझी पाळी नसताना मी ती घेतली. पाठ पुसून झाली, चादर सरळ केली, आणि त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर ठेवून, हो असेल तर दाबा असं सांगितलं आणि विचारलं, हे दुखणं आपल्याला मिळायलाच हवं असं वाटतं का. त्यांनी डोळे उघडले. मनगट दाबलं.

मग एकेक विचारत गेले. कोणाशी वाईट वागलात का? दाबलं. बायकोशी? दाबलं. मारायचात का? नाही. तिला सोडून गेलात का? नाही. ती आजारी होती का? दाबलं. यापुढे मला शोधावं लागलं नाही. दुसरी कुठली नर्स असती तर अडली असती, मी आपल्या घरातली असल्यामुळे मला रस्ता माहीत होता. मी विचारलं, तिला औषध देऊ दिलं नाहीत का, आणि सहन कर, ही परीक्षा आहे, असं म्हणायचात का. दादा, त्यांनी इतक्या जोराने धरलं की बोटांचे वळ अजून आहेत. आवाज नसलेला माणूस रडतो कसा, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

तुझं खरं निघालं, पुढचं मला शिकवलेलं नव्हतं. त्या काळी औषधाबद्दल लोकांचे गैरसमज होते, तुम्ही मुद्दाम केलं नाही, असं काहीबाही मी बोलले. त्यांनी हात काढून घेतला. देव क्षमा करतो, असं म्हणायचं माझ्या तोंडात येईना. आणि तिच्या वतीने माफ करणारी मी कोण?

तेव्हा मी त्यांना आपल्या आईचं सांगितलं. सगळं, तुझ्या पत्रातलंसुद्धा. सांगितलं, की तुमच्यासारखाच एक माणूस माझा भाऊ आहे आणि मी त्याला एकोणीस वर्षं माफ केलेलं नाही. ते माझ्याकडे बघत होते. तेवढ्यावर सोडून उठता येईना. मग मी म्हणाले, की आज करते आहे. त्याला माफ करते आहे.

खोटं असतं तर त्यांना कळलं असतं, तूच म्हणाला होतास. मी चमचा भरला. त्यांनी तोंड उघडलं.

शुक्रवारी डॉक्टर सुई घेऊन आले, तर काका तोंडाने औषध घेत होते. शनिवारी तासभर शिंप्याचा हात धरून होते. आज पहाटे गेले, शांतपणे.

मी ते काकांच्या घशाखाली औषध जावं म्हणून म्हणाले होते. तीन दिवस झाले, आणि दर वेळी मनात येतं की आता ते परत घ्यावं, गरज संपली. घेववत नाही. राग आहे, भरपूर आहे, तू आलास की तो तुला मिळेलच. पण म्हटलेलं परत घेणार नाही.

काकांना उद्या चार वाजता निरोप द्यायचा आहे. शिंपी असेल, आया असेल, मी असेन. कुठल्या धर्माने, ते अजूनही कोणाला माहीत नाही, आणि नुसतं उभं राहून परतायला मन घेत नाही. हे पत्र त्याच ड्रायव्हरच्या हाती दिलं आहे. उद्या सकाळच्या बसने ये. वहिनीलाही आण, इथे जिना चढावा लागत नाही.

तू काकांपाशी उभा राहा. गायचं असेल तर गा, मी ऐकेन.

तुझी,
मुंगी