डांबराचं पाऊल

१२ जून
व्हिनेगरनंही डाग गेला नाही. गालिच्याला लोणच्याचा वास तेवढा आला.

आमच्या वन्सं दारात हजर. ताइस्तोची मोठी बहीण, हिल्क्का. "व्हिनेगर? कॉफी सांडलीय का तिथं? पाइनचा साबण लाव, सिल्वी." गालिचे कसे धुवायचे हे साऱ्या गावाला हीच शिकवते. भाऊ गेला तरी नणंदेचा तोरा जात नाही.

१५ जून
तळ्याकाठच्या ओट्यावर गुडघे टेकून साबणानं घासलं. गालिच्यातल्या चिंध्यांच्या पट्ट्या उजळल्या आणि पाऊल आणखीच काळं दिसायला लागलं.

मला ते नको आहे. मे महिन्यात होडीला डांबर लावता लावता ताइस्तो छाती धरून बुटांसकट आत आला. या घरात बूट घालून कधी कुणी आलेलं नाही. एक पाऊल गालिच्यावर उमटलं, दुसरं टाकायच्या आत तो कोसळला. स्वयंपाकघराची वाट तिथूनच. मी भिंतीला घासत, वळसा घालून जाते. रोज.

१९ जून
दुकानातून डाग काढायच्या फेसाचा डबा आणला. नुसता फेस.
हिल्क्का म्हणते, "साबणच लाव. धीर धर जरा."
धीर धर म्हणे! हिच्या घरात आहे का ते पाऊल?

२७ जून
पुन्हा साबण. पुन्हा पाऊल.

३ जुलै
ओट्यावर शेजारी आइला तिचा गालिचा घासत होती, बेकरीतली. माझ्या गालिच्याकडे बघून म्हणाली, "डांबर ना हे? मग साबण काय घासताय, लोणी चोळा. मागच्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांच्या पँटला लागलं होतं, तेव्हा हिल्क्कानंच सांगितलं मला."

हिल्क्कानंच. केसानं गळा कापला माझा! आणि वर तो साळसूद चेहरा.

घरी आल्याबरोबर फोन लावला. "मुद्दाम केलंस ना?"
 म्हणाली, "तुझ्याकडे त्याचं सगळं घर आहे. माझ्याकडे काय आहे? तेवढं एक पाऊल बघायला येत होते."
"यापुढे येऊ नकोस," म्हटलं आणि फोन आपटला. मला तिचा इतका राग कधीच आला नव्हता.

४ जुलै
लोणी चोळलं, काळं फडक्यानं टिपून घेतलं, वर तिचाच साबण. गेलं! मागमूस नाही. आता ये म्हणावं बघायला.

१२ जुलै
हिल्क्का आली. मी नको म्हटलं होतं तरी आली. बूट दाराशी काढले. गालिच्याकडे बघत राहिली. मी कॉफी ठेवायला आत निघाले ती भिंतीला घासत, वळसा घालूनच.

मागून ती आली. तीही तशीच.